वरच्या मजल्याचा आवाज, शेजाऱ्यांची तक्रार आणि मधे सापडलेला घरमालक: इंदुरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगरातल्या आमच्या घराचा वरचा मजला 22 वर्षं भाड्यानं जातोय. पीएससीची तयारी करणारी मुलं, विद्यापीठातल्या मुली, आयटीतलं एक जोडपं, लहान बाळ असलेलं कुटुंब, सगळे राहून गेले. नात्यातलं किंवा ओळखीतलं कुणी पहिल्यांदा घर भाड्यानं दिलं की दोन-तीन महिन्यांत मला फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. यातलं कायद्याचं सगळं मध्यप्रदेशातलं आहे. पुण्या-ठाण्याच्या भावानं सांगितलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

शेजारी तणतणत दारात आले. सगळ्यात आधी काय करू?

वर जाऊ नका. आधी शेजाऱ्यांच्या घरात जा, आणि जिथे त्यांना आवाज येतो तिथे, त्याच वेळेला, बसून ऐका.

हे मी ठेच लागून शिकले. आमच्या डावीकडे एक काकू राहतात. मधली भिंत साडेचार इंची, दोन्ही घरांना लागून. एका जानेवारीत त्या सलग तीन दिवस सांगत होत्या, "तुमची मुलं पहाटे पहाटे काय यंत्र चालवतात गं? डोक्यात भुंगा शिरल्यासारखं होतं." मी वर जाऊन मुलांना झापलं. मुलं पीएससीवाली, रात्री दोनला झोपणारी. त्यांच्यातला एक डोळे चोळत म्हणाला, "आंटी, हम तो सो रहे थे." माझा काडीचा विश्वास बसला नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी मला पहाटे पाचलाच बोलावून घेतलं. त्यांच्या पलंगाच्या काठावर शाल पांघरून बसले. साडेपाचच्या सुमारास भिंतीतून घुंऽऽ असा आवाज सुरू झाला, पलंगाच्या लाकडापर्यंत जाणवत होता. मी तरातरा घरी आले तर आमचे हे मोटर लावून शांतपणे दात घासत होते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हौद भरला की ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. पाईपचा क्लॅम्प ढिला होऊन पाईप भिंतीला टेकला होता आणि मोटरची सगळी थरथर काकूंच्या उशाशी जात होती. मोटरखाली रबराचा जाड तुकडा टाकला, क्लॅम्पमध्ये रबर भरलं, वेळ सातची केली. तक्रार संपली. मुलांची मात्र माफी मागावी लागली, आणि त्या रविवारी पोहे-जलेबीचा खर्च माझा.

तेव्हापासून मी शेजाऱ्यांना तीनच गोष्टी विचारते. आवाज कसला, किती वाजता, कुठल्या खोलीत? "फार त्रास होतो हो" एवढ्यावर वर जाऊन भाडेकरूला काय सांगणार? "रात्री सव्वाअकरा ते बारा, तुमच्या मागच्या खोलीत, खुर्ची सरकल्यासारखा" एवढं कळलं की निम्मं काम झालं.

शेजाऱ्यांना खरंच त्रास होतोय, की त्यांना मुळात भाडेकरूच नकोत, हे कसं ओळखायचं?

वेळ सांगता येते का ते बघा. खरा त्रास होणाऱ्याला घड्याळाचा काटा पाठ असतो. "त्यांच्याकडे कोण कोण येतं बघितलंत का", "मुली रात्री अकराला येतात", "अंड्याचा वास येतो" अशी गाडी वळायला लागली की समजायचं, प्रश्न आवाजाचा नाही.

आयटी किंवा कॉल सेंटरमधली मुलगी रात्री उशिरा येणारच, तिची शिफ्ट तशी आहे. ती जिना चढताना चपला वाजवते का, एवढाच माझा प्रश्न. बाकी तिच्या येण्याजाण्याचा हिशेब मी शेजाऱ्यांना देत नाही, आणि हे त्यांना गोड शब्दांत पण पहिल्याच दिवशी सांगून टाकते. एकदा का तुम्ही "हो हो, बोलते तिच्याशी" म्हणालात की तुम्ही कॉलनीचे चौकीदार झालात.

लहान बाळाचं रडणं, आजाऱ्याचं खोकणं, सकाळचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या याही तक्रारी येतात. घर म्हटलं की एवढं असणारच. ऐकून घ्यायचं, पुढे पोचवायचं नाही.

भाडेकरूशी बोलायचं कसं? मला भांडण नकोय.

ज्या रात्री आवाज झाला त्या रात्री नाही. तेव्हा वर चार-सहा मित्र बसलेले असतात, त्यांच्यासमोर बोललात तर तो पोरगा तुमचं ऐकण्यापेक्षा मित्रांत मान राखायच्या मागे लागतो. अगदीच असह्य झालं तर फोन करून "बेटा, आवाज कमी कर" एवढंच. खरं बोलणं दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, एकट्याशी.

आणि तक्रार करणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. काकूंचं नाव निघालं की उद्या मुलं काकूंना बघून कुजबुजणार, मग काकूंच्या मुलाचं रक्त तापणार. "बाजूला आवाज जातो" म्हणायचं. कुणाकडे, ते त्यांना कळतंच, पण तुमच्या तोंडून निघालेलं नसतं.

मी काय करते, तर मुलाला खाली आमच्या हॉलमध्ये बसवते आणि त्याच्या मित्राला वर खुर्ची सरकवायला, दार आपटायला सांगते. स्वतःच्या डोक्यावर तो खर्रर्र ऐकला की चेहरा बघण्यासारखा होतो. वर राहणाऱ्याला आपला आवाज खाली कसा पोचतो ते माहीतच नसतं, आणि हे भाषणानं कळत नाही.

त्यानंतर लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून ठेवते, रागाच्या नाही, साध्या. "आज आपलं बोलणं झालं. रात्री दहानंतर स्पीकर बंद, मागच्या खोलीत खुर्चीखाली रबर लावायचं ठरलं. रबर मी आणून देते." भाडेकरू मराठी असेल तर मराठीत, नाहीतर हिंदीत. पुढे गोष्ट वाढलीच तर या दोन ओळी कामाला येतात.

मुद्दाम नाही करत ते, पण आवाज होतोच. काही उपाय?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, आणि याबद्दलच कुणी विचारत नाही.

आवाज दोन तऱ्हेचा. एक हवेतून येणारा: गाणी, गप्पा, टीव्ही. दुसरा घरातून, म्हणजे स्लॅब-भिंतींतून येणारा: पलंग ओढणं, टाचा आपटणं, दाराचा धडाका, मोटर. दुसरा जास्त त्रास देतो, कारण खिडक्या लावून तो थांबत नाही. पुन्हा आता सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. जुन्या शहाबादीवर सतरंजी असायची, टाइलवर कुणी काही अंथरत नाही.

खुर्ची-टेबल-पलंगाच्या पायांना रबरी बूट लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. अभ्यासाच्या खुर्चीखाली जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी दुहेरी करून. दाराच्या चौकटीला फोमची पट्टी. स्पीकर जमिनीवर किंवा सामाईक भिंतीला टेकवून ठेवला असेल तर उचलून समोरच्या भिंतीकडे, पुस्तकांच्या कपाटाशी, खाली उशी घालून. गाण्यातला जो धप-धप भाग असतो तोच भिंती पार करतो, त्यामुळे नुसता आवाज कमी करण्यापेक्षा स्पीकरचा बेस उतरवला तर मुलांचंही गाणं राहतं आणि शेजाऱ्यांची झोपही.

फाटकाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडच्या मुलांना सराफ्याचं, म्हणजे रात्री भरणाऱ्या खाऊबाजाराचं वेड. भुट्ट्याचा कीस, गराडू खाऊन रात्री साडेबारा-एकला परत. बाइकचं इंजिन कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायचं हे त्यांना शिकवलं होतं, तरी फाटकाची लोखंडी कडी पडली की गल्लीतली चार कुत्री उठायची आणि कुत्र्यांमागून समोरचे आजोबा. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कडीवर गुंडाळून तारेनं बांधला. दोन वर्षांनी बदलावा लागतो, उन्हानं तडकतो.

हा खर्च कुणी करायचा? मी करते. तीन-चारशे रुपयांत जे निभतं, त्यासाठी भाडेकरूशी घासाघीस कशाला? आणि वस्तू मी लावलेली असली की ती काढली तर विचारायचा हक्कही माझा राहतो.

कायद्यानं किती आवाज म्हणजे 'जास्त'?

ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, मर्यादा 55 डेसिबल. रात्री 10 ते सकाळी 6, 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र जाहीर झाला असेल तर तिथे 50 आणि 40. दोन माणसांचं समोरासमोरचं साधं बोलणंच 60 च्या आसपास जातं, म्हणजे 45 किती कमी ते बघा. आणि डेसिबलचा हिशेब सरळ नसतो: 10 नं वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो.

खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त नको, असंही या नियमांत आहे. तुमच्या कंपाउंडच्या भिंतीशी मोजायचं, खोलीत नाही.

मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप्स मिळतात. पुरावा म्हणून त्यांवर विसंबू नका, फोनचा माइक काही मोजमापाचं यंत्र नाही. पण शेजारी आणि भाडेकरू दोघांना एकच आकडा दाखवता येतो, त्यानं वाद थंड होतो. मी तेवढ्यासाठीच वापरते.

म्हणजे रात्री दहापर्यंत काहीही चालेल?

भाडेकरू हमखास हेच म्हणतात. दिवसाची 55 ची मर्यादा आहेच की! शिवाय दुपारी दोन ते चार आमच्या गल्लीत निम्मी घरं झोपलेली असतात, सगळी निवृत्त मंडळी. कायद्यात वामकुक्षी नाही, पण घर देताना मी तोंडी सांगते, आणि बहुतेक मुलं पाळतात.

गणपती, नवरात्र, रंगपंचमी, मॅच. तेव्हा काय?

लाउडस्पीकर आणि वाद्यांना रात्री दहानंतर उघड्यावर बंदी आहे, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पक्कं केलं. मात्र सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ही सूट सार्वजनिक कार्यक्रमांची, तुमच्या गच्चीवरच्या वाढदिवसाची नाही. मध्यप्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे आणि डिसेंबर 2023 मध्ये नव्या सरकारनं पहिल्याच दिवशी लाउडस्पीकरबद्दल आदेश काढला, तेव्हापासून पोलीस या बाबतीत जरा जागे आहेत.

पण व्यवहार वेगळा. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे चित्ररथ, रात्रभर चालतात, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर असतं. त्या दिवशी कुणी मला "तुमची मुलं ओरडतात" म्हणालं तर मी चहा पाजून परत पाठवते. 29 जून 2024 च्या रात्री भारत विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्यानं ओरडलेले गृहस्थ नेहमीचे तक्रारदारच होते. मी काही बोलले नाही, नुसती त्यांच्याकडे बघून हसले. पुढचे दोन महिने तक्रार नव्हती.

गच्चीवर पार्टी करायची तर दोन दिवस आधी सांगायचं, साडेनऊला गाणी बंद, दहाला गच्चीला कुलूप. हे माझे नियम. किल्ली माझ्याकडे.

करारनाम्यात आवाजाबद्दल काय लिहून घ्यावं?

बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यात "शांततेने राहावे" एवढंच असतं आणि त्याला काही अर्थ नसतो. नेमकं लिहा. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर, वाद्य, ड्रिल नाही. गच्ची किती वाजेपर्यंत. मुक्कामाला येणारे पाहुणे किती आणि किती दिवस. दुचाकी कुठे लावायची. ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीत कोण टाकणार, कारण इंदुरात कचऱ्यावरून होणारी तक्रार आवाजाच्या तक्रारीपेक्षा कमी नाही. आणि लेखी दोनदा सांगूनही सुधारणा झाली नाही तर करार संपवण्याची नोटीस देता येईल, ही ओळ. कराराची भाषा हिंदी ठेवा, पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर तिथलं कामकाज बहुतेक हिंदीत चालतं.

करार बहुतेक लोक 11 महिन्यांचा करतात, कारण वर्षाच्या वर गेला की नोंदणी सक्तीची होते. पण एक मोठा गैरसमज: 11 महिने संपले म्हणजे भाडेकरू आपोआप निघाला, असं नाही. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे करार संपल्यावरही राहात असलेला माणूस भाडेकरूच धरला जातो, आणि त्याला काढायला त्या कायद्यातलं एखादं कारण दाखवावं लागतं. पुण्यात 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, चालतं ते महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यामुळे. तिथला नमुना आणून इथे सही घेतली म्हणून महाराष्ट्राचा कायदा मागून येत नाही.

भाडेकरूची पोलिसांना माहिती देणं गरजेचं आहे का? आवाजाशी त्याचा काय संबंध?

द्या. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे आणि किरायेदारांची माहिती द्यायचे आदेश वेळोवेळी निघतात. आदेश मोडला तर गुन्हा घरमालकावर. संबंध असा, की उद्या शेजाऱ्यानं पोलिसांना बोलावलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतात: "किरायेदार का सत्यापन कराया?" नसेल केलं तर आवाज राहतो बाजूला आणि तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात. ओळखपत्राची प्रत, गावाकडचा पत्ता, आई-वडिलांचा फोन एवढं घेऊन ठेवावं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत आई-वडिलांच्या फोनचा उपयोग मला एकदाच करावा लागला, पण जो परिणाम झाला तो कुठल्या नोटिशीनं झाला नसता.

पोलिसांना कधी बोलवायचं?

मारामारी, दारू पिऊन धिंगाणा, बाईमाणसाला शिवीगाळ, काचा फुटणं. तेव्हा वाट बघू नका, 112 ला फोन करा. रात्री डीजे वाजतोय, विनंती करूनही बंद होत नाही, तेव्हाही. पोलीस बहुतेक वेळा येऊन समज देऊन जातात, आणि तेवढंच पुरतं. सार्वजनिक उपद्रवाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली दंड आहे, जास्तीत जास्त एक हजार रुपये. म्हणजे शिक्षेची भीती फार नाही, गणवेश दारात उभा राहिल्याची असते.

खुर्ची सरकवण्याच्या आवाजासाठी मात्र फोन करू नका. पुढच्या वेळी खरंच गरज पडेल तेव्हा "फिर वही आंटी" असं होतं.

बोलून, समजावून झालं. ऐकत नाहीत. आता?

आता कागद. तारीख, वेळ, काय झालं, आधी कधी सांगितलं होतं, आणि किती दिवसांत काय बदललं पाहिजे, एवढं एका पानात. विशेषणं नकोत. "तुम्ही अत्यंत बेजबाबदार आहात" याचा कोर्टात शून्य उपयोग. "12, 15 आणि 19 तारखेला रात्री 11 नंतर गच्चीवर स्पीकर चालू होता" याचा उपयोग आहे. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती कराराला टाचून ठेवा. शेजाऱ्यांनाही म्हणावं, तक्रार लेखी द्या. इथे निम्मे शेजारी मागे सरतात. "जाऊ द्या हो, नाव कशाला घालता माझं." ठीक आहे, मग त्या तक्रारीचं वजनही तेवढंच.

मी एक वही ठेवते. दुधाच्या हिशेबाच्या वहीसारखी, आडव्या रेघांची. तारीख, वेळ, कुणी सांगितलं, मी स्वतः ऐकलं की नाही. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा.

वीज-पाणी बंद केलं तर आपोआप जातील, असं सगळे सांगतात.

सगळे चूक सांगतात. अत्यावश्यक सोयी तोडायला 1961 च्या कायद्यातच मनाई आहे, त्यासाठी तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं याचंही तेच. कायद्याची प्रक्रिया न करता बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि तिथे घर कुणाच्या मालकीचं हे विचारतही नाहीत. आवाजाची तुमची बाजू कितीही खरी असली तरी नळ बंद केला त्या क्षणी बिचारा तो आणि खलनायक तुम्ही.

मग कायद्यानं काढायचं कसं?

1961 च्या अधिनियमाच्या कलम 12 मध्ये कारणं दिलेली आहेत. आवाजासाठी लागू पडतं ते 12(1)(ग): भाडेकरूनं किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्यानं उपद्रव केला, ज्या कामासाठी जागा दिली त्याच्याशी विसंगत काही केलं, किंवा घरमालकाच्या हिताला मोठा बाध येईल असं काही केलं. राहायला दिलेल्या खोलीत कुणी ढोल-ताशाचा क्लास काढला तर तो यात बसेल. पण घराचा काही भाग स्वतःच्या ऑफिससारखा वापरला म्हणून नाही, तशी सूट तिथेच लिहिलेली आहे. लॅपटॉप घेऊन घरून काम करणाऱ्याला "ऑफिस चालवता" म्हणून काढता येत नाही.

महिन्याच्या भाडेपट्टीवर असेल तर आधी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची नोटीस. मग दिवाणी न्यायालयात दावा. तिथे सिद्ध करायचं तुम्हाला, आणि एक-दोन रात्रींच्या गोंधळाला न्यायालय उपद्रव मानेलच असं नाही. सातत्य दाखवावं लागतं. वही, पावत्या, शेजाऱ्यांची लेखी तक्रार आणि साक्ष हे सगळं इथे लागतं. वर्षं जातात. नोटिशीच्या टप्प्यापासून वकील घ्या, माझ्यासारख्या बाईच्या लिखाणावर दावा लावू नका.

खरं सांगू? 22 वर्षांत मी एकदाही दावा लावलेला नाही. एकाच भाडेकरूला जायला सांगितलं. त्याला दोन महिने मुदत दिली, शेवटच्या महिन्याचं भाडं सोडलं आणि ॲडव्हान्स (म्हणजे डिपॉझिट) सामान टेम्पोत चढायच्या आधी हातात ठेवला. आमचे हे म्हणाले, "गुन्हेगाराला बक्षीस देतेस!" मी म्हटलं, वकिलाच्या पहिल्या तारखेला याहून जास्त गेले असते.

आवाजाबद्दल ॲडव्हान्समधून दंड कापता येईल का?

करारात लिहिलेलं नसेल तर कापू नका. मोडतोड, थकलेलं बिल एवढ्यापुरताच तो असतो. लिहिलेलं असलं तरी मी कापलेलं नाही. पैसे भरले म्हणजे आवाज करायचा परवाना मिळाला, असं मुलांना वाटायला लागतं.

मी पुण्यात असतो, आई-वडिलांचं घर इंदुरात भाड्यानं दिलंय. शेजारी रात्री अकराला व्हिडिओ कॉल करतात.

असे फोन हल्ली सगळ्यात जास्त येतात. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, कुठेही बघा, मुलं पुण्या-बंगळुरूला आणि घरात भाडेकरू.

तुम्ही फोनवरून न्यायाधीश होऊ नका. शेजारी लहानपणापासून ओळखतात, त्यांनी तुम्हाला कडेवर खेळवलेलं असतं, त्यामुळे त्यांचंच खरं वाटतं. इंदुरात कुणीतरी एक माणूस ठरवा, मावसभाऊ, वडिलांचे मित्र, कुणीही, जो त्या वेळेला तिथे जाऊन ऐकेल. नातेवाईक नसेल तर दर महिन्याला थोडे पैसे देऊन एखादा विश्वासू माणूस बघा. भाडेकरूला त्याचा नंबर द्या, शेजाऱ्यांनाही द्या. आणि शेजाऱ्यांना सांगा, काका, व्हिडिओत सगळेच आवाज मोठे वाटतात, फक्त वेळ लिहून ठेवा. रात्री अकराला पुण्यात बसून तुम्ही करणार काय, नुसता रक्तदाब वाढवणार.

शेजाऱ्यांकडूनच आवाज येतो आणि भाडेकरू माझ्याकडे तक्रार करतो. हे माझं काम आहे का?

आहे. तो तुम्हाला भाडं देतो. आमच्या उजवीकडे दीड वर्ष बांधकाम चाललं, टाइल कापायचं यंत्र रात्री साडेदहापर्यंत. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत, हे ठेकेदाराला मीच जाऊन सांगितलं. वरच्या मुलीनं सांगितलं असतं तर त्यानं "मॅडम, आप किरायेदार हो" म्हणून वाटेला लावलं असतं. "भिया, दस बजे बंद" एवढं मी रोज आठवडाभर म्हटलं, मग तो आपणहून दहाला बंद करायला लागला.

नवीन भाडेकरू यायच्या आधी काय तपासू?

घर रिकामं असतं ते चार-आठ दिवस सोन्याचे. कुणालातरी वर पाठवून चालायला सांगा, खुर्ची ओढायला, नळ सोडायला, दार लावायला सांगा, आणि तुम्ही काकूंकडे बसा. बाथरूमच्या पाईपचा आवाज, पंख्याची खडखड, खिडकीचं ढिलं तावदान, सगळं तेव्हाच सापडतं. मागच्या जूनमध्ये मी अशीच बसले होते. वरून काही ऐकू आलं नाही म्हणून खूश झाले, तेवढ्यात काकूंच्या लक्षात आलं की आमच्या धाकट्यानं वर जायचंच राहून गेलंय, तो खाली अंगणात कुत्र्याशी खेळत बसलाय. मग परत सगळं पहिल्यापासून. पलंगाचे दोन रबरी बूट झिजलेले निघाले, चाळीस रुपयांना चार आणले, उरलेले दोन कपाटात ठेवलेत.